पोराच्या मापाचे पाव्हणे

निरगुडसरच्या बाजूला, आमच्या माळाला लागून, दगडाची एक बंद पडलेली खाण आहे. खडी काढणारे निघून गेल्यावर तिथं आमची मेंढरं तेवढी उतरायची. दोन वर्षांपूर्वी ती खाण आणि वरचा सगळा चढ एका कंपनीनं भाड्यानं घेतला. कंपनी चाकणकडची, लष्कराच्या गाड्या बनवणारी. जिथं रस्ता नाही तिथं जाणाऱ्या गाड्या. तयार झाल्यावर त्या दगडधोंड्यांतून, चिखलातून, चढणीवरून पळवून बघायच्या असतात. त्यासाठी त्यांना वाईट जमीन हवी होती, आणि आमच्या गावात कुणालाच नको असलेली जमीन तेवढीच होती.

पहिली गाडी आली तेव्हा मी वाघरीची जाळी सोडत होते. मेंढरं रात्री ज्या जाळीच्या कुंपणात बसतात तिला आम्ही वाघर म्हणतो. आधी पायांखालची जमीन थरथरली, मग आवाज आला. चाकं माझ्या छातीला लागतील एवढी. खिडक्या बारक्या, काच विटेसारखी जाड. मेंढरं सगळी एका कोपऱ्यात एकमेकांच्या अंगावर चढली. आमचा कुत्रा लांडग्याला भीत नाही, तो एकदा भुंकला आणि माझ्या लुगड्याआड येऊन बसला.

माझ्या मुलाला मात्र त्या गाड्यांचं वेड लागलं. तो आमचा एकुलता एक. बारावी झाल्यापासून त्याच्या डोक्यात लष्कराशिवाय दुसरं काही नव्हतं. रोज पहाटे कळंबच्या रस्त्यानं धावायला जायचा. भरतीत धावला, डॉक्टरांनी तपासला, पास झाला, आणि आता बोलावण्याची वाट बघत होता. खाणीत गाडी आली की हा धावून झाल्यावर तिथंच जाऊन बसायचा. घरी येऊन सांगायचा की अशाच गाडीत मी बसणार.

त्याचे वडील त्याला अडवत नव्हते. पण एक दिवस भाऊबंद जेवायला होते तेव्हा म्हणाले, "मी न्हाई म्हणनार न्हाई. पर तुज्या आईनं हो म्हणलं पायजे. एकच पोर हाय आपलं."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं आणि भाकरी थापत राहिले. आमच्या घरात माझं गप्प बसणं म्हणजे होकार धरतात. लग्न ठरवताना धरला, निम्मा कळप विकला तेव्हा धरला. चारचौघांत बोलायला मला लहानपणापासून जमत नाही. चौथीत असताना बाईंनी पुस्तक वाचायला उभं केलं तरी आवाज फुटायचा नाही. खरं तर मला नाही म्हणायचं होतं. पहिल्या दिवसापासून. रोज वाटायचं, आज सांगू. आणि रोज मी दुसरंच काहीतरी विचारायची, कालवण वाढू का, पाणी तापवू का.

त्याच दिवसांत ते शिवणकाम आलं.

मी ताडपत्र्या शिवते. कांद्याच्या गाड्यांवर टाकायच्या, कांदा चाळीला लावायच्या. आमच्या बचत गटाकडे जाड कापड शिवायचं मशीन आहे. गटाची प्रमुख माझी मोठी जाऊ. बोलण्याचं काम ती करते, शिवण्याचं मी. मंचरच्या ज्या मारवाडी शेठच्या दुकानातून आम्ही कापड आणतो, त्यांच्याकडे कंपनीचे एक साहेब चौकशी करायला आले. शेठनी आमचं नाव सांगितलं. शेठ म्हणाले, "शिवण उसवली तर कापड परत आणा, पण हिची शिवण उसवायची नाही." हे मला जाऊबाईनं घरी येऊन सांगितलं.

साहेब वयानं तरुण होते, नागपूरकडचे, शांत बोलणारे. येताना गाडीतली एक खरी खुर्चीच घेऊन आले आणि आमच्या अंगणात ठेवली. त्यांनी समजावून सांगितलं की गाडीची परीक्षा घेताना आत माणसांचं वजन हवं असतं, पण माणसं बसवता येत नाहीत. परदेशातून येतात ते बाहुले फार महाग, ते शेवटच्या परीक्षेला. तोपर्यंत वाळू भरलेली माणसं चालतील. पण ती माणसासारखी खुर्चीत बसली पाहिजेत, छातीवरून पट्टा बांधता आला पाहिजे, आणि शिवण फुटता कामा नये.

"माप कुणाचं घ्यायचं?" जाऊबाईनं विचारलं.

साहेब म्हणाले, "मध्यम बांध्याच्या जवानाचं. पण आता जवान कुठून आणणार?"

"आनायचा कशाला? ह्यो घरातच हाय की." असं म्हणून जाऊबाईनं माझ्या मुलाला दंडाला धरून त्या खुर्चीत बसवलं.

तो बसला आणि त्यानं छाती काढली. जाऊबाई म्हणाली, "छाती नगं फुगवू राव, कापड वाया जातंय." तो हसला आणि छाती खाली गेली. मग मी टेप घेऊन पुढे झाले. त्याच्या बारशाला मी अंगडं शिवलं होतं. त्यानंतर त्याचं माप घेण्याची वेळ कधी आलीच नव्हती, कपडे मंचरहून तयार येतात. खांदा घेतला, छाती घेतली, कंबर, मांडी, बसल्यावर गुडघ्यापर्यंतची लांबी. मानेच्या मागे टेप नेला तेव्हा त्याच्या अंगाचा वास आला, धावून आलेल्या घामाचा. तो खुर्चीचे हात चाचपत होता. माझ्याकडे त्याचं लक्ष नव्हतं.

मी वर्तमानपत्राचे कागद चिकटवून त्याच्या मापाचा नमुना कापला आणि त्या एकाच नमुन्यावरून सगळी कापडं बेतली. दुहेरी कापड, नायलॉनचा दोरा, प्रत्येक जोडावर दोन शिवणी. धड आणि मांड्या एकाच पिशवीत, वरती डोक्याच्या जागी गळ्याचं तोंड. कंपनीनं धुतलेली वाळू अंगणात आणून टाकली, काटा आणला. बायका वाळू भरायच्या, वजन करायच्या, आणि मी दाभणानं तोंड शिवायची. भरून झाली की पिशवी पडवीतल्या भिंतीला टेकवून बसवायची.

पहिल्याच दिवशी संध्याकाळी मेंढरं घेऊन हे घरी आले. पडवीत अंधार पडला होता. आत रांगेनं माणसं बसलेली बघून यांनी चपला काढल्या आणि म्हणाले, "या पावणं, कवा आला?" बायका हसून हसून वाळूत लोळल्या. तेव्हापासून त्या पिशव्यांना सगळे पाव्हणेच म्हणू लागले. एक बाई म्हणायची की असा नवरा बरा, बसवला तिथं बसतो, चहाला साखर कमी म्हणत नाही. आणि जाऊबाई मला म्हणाली, "समदी तुजीच पोरं गं धाकटे. एका बाळंतपणात येवढी."

मी हसले. पण नंतर पडवीतून ये-जा करताना त्या रांगेकडे बघायचं टाळू लागले. ते खांदे मला ओळखीचे होते.

सासूबाईंना मात्र हसू आलं नाही. त्यांनी सगळं आयुष्य मेंढरांमागं काढलंय, कोकणच्या घाटापर्यंत जाऊन आल्यात. त्यांनी एका पिशवीवर हात फिरवला आणि विचारलं की आत काय काय घातलं. मी म्हटलं, वाळू.

"नुसतीच वाळू?" त्या म्हणाल्या. "मानसाचा आकार करायचा आन् आत काय बी न्हाई? मोकळ्या आकारात काय बी शिरतं."

आमच्यात शेतात बुजगावणं उभं करतानाही त्याच्या मडक्यात खंडोबाचा भंडारा टाकतात. माणसाचा आकार केला की तो देवाच्या नावानं भरायचा, हे आम्ही सगळ्यांनीच लहानपणापासून बघितलेलं. त्यामुळे सासूबाई भंडाऱ्याची पिशवी घेऊन माझ्याशेजारी बसल्या तेव्हा कुणाला त्यात काही वेगळं वाटलं नाही. मी तोंड शिवायच्या आधी त्या वाळूवर, छातीच्या जागी, भंडारा टाकायच्या. आधी चिमूट टाकत होत्या. मग म्हणाल्या की माझ्या नातवाच्या मापाचे आहेत, हात आखडता कशाला, आणि मुठीनं टाकू लागल्या. शेवटच्या पाव्हण्याला तर पिशवीच झटकली.

साहेबांना हे सांगावं असं आमच्या कुणाच्या मनात आलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे. नव्या घराच्या चौकटीला हळद लावली तर गवंड्याला कुणी सांगत नाही, तसंच ते.

परीक्षेच्या दिवशी साहेबांनी निरोप पाठवला की तुमचं काम कसं वापरतो ते बघायला या. आम्ही सगळ्याजणी ठेवणीतली पातळं नेसून गेलो. जाऊबाईनं नारळ घेतला. सासूबाईही आल्या. आमची समजूत अशी की गाडी चालवून दाखवणार, चढावर वगैरे चढवणार, आणि पाव्हणे आत बसून डुलणार.

खाणीच्या कडेला दोरी बांधली होती, तिच्यामागे आम्हाला उभं केलं. माझा मुलगा मित्रांबरोबर थोडा पुढे होता. पाव्हणे खाली उतरवायला चार दांडगी पोरं लागणार म्हणून साहेबांनी त्यांना बोलावलं होतं. गाडी खाणीच्या पहिल्या पायरीवर, एका लोखंडी फळीवर उभी होती. खाली खडकाचा तळ. गाडीच्या खिडकीतून आतले खांदे दिसत होते, एका ओळीत, पट्टे बांधलेले. पुढे चालकाच्या रिकाम्या जागेशेजारीही एक बसवला होता.

"बघ कशी शानी बसल्यात," जाऊबाई म्हणाली.

मग यंत्र सुरू झालं आणि फळीची एक बाजू वर उचलली जाऊ लागली. हळूहळू. गाडी कलली. मला वाटलं काहीतरी बिघडलं, आता कुणीतरी थांबवेल. मी सगळ्या माणसांच्या तोंडाकडे बघितलं. कुणीच घाबरलेलं नव्हतं. साहेब तर मान तिरकी करून गाडीकडे बघत होते, जसं आपण दूध उतू जायच्या आधी बघतो. मी जाऊबाईला विचारलं की काय करतायत हे. तिलाही माहीत नव्हतं. पुढच्या एका पोरानं मागे वळून सांगितलं, "पलटी मारणार हायेत, काकी."

त्यानं सांगून संपेपर्यंत ती गेली.

एवढी मोठी वस्तू पडताना आधी काहीच आवाज होत नाही, हे मला माहीत नव्हतं. ती कुशीवर वळली, चाकं आभाळाकडे झाली, आणि मग तळाच्या खडकावर तिचं छत आदळलं. तो आवाज कानात नाही, दातांत गेला. एकदा उलटून ती दोन्ही बाजूंना डुलली आणि चाकं वर करून पडून राहिली. एक चाक फिरत होतं.

मी ओरडले नाही, मला ओरडता येत नाही. माझे हात पोटावर गेले. मुलगा माझ्यापासून दहा पावलांवर उभा होता, मला त्याची पाठ दिसत होती, आणि तरी माझ्या डोळ्यांना तो त्या गाडीतच होता. एक नाही, सगळे. उलटे टांगलेले.

तेवढ्यात चेपलेल्या दाराच्या फटीतून पिवळा लोट बाहेर आला.

धूर नव्हता तो, धुरासारखा वरही जात नव्हता. जड होता, पिवळाधमक, आणि खाणीत वारा नसल्यामुळे तो गाडीभोवती तसाच पसरत राहिला. कंपनीची माणसं मघाशी एवढी शांत होती, ती आता पळू लागली. कुणी म्हणालं बॅटरी फुटली, कुणी म्हणालं गॅस आहे. एकानं आग विझवायचं नळकांडं आणलं आणि लांबूनच उभा राहिला. साहेबांनी आम्हाला मागे जायला हात केला, तोंडाला रुमाल लावायला सांगितलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. या गाडीत असं पिवळं निघण्यासारखं काहीच नाही, असं ते कुणालातरी फोनवर पुन्हा पुन्हा सांगत होते.

जाऊबाईनं माझं मनगट धरलं. तिची नखं रुतली. तिला कळलं होतं, आणि त्याच क्षणी मलाही कळलं. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो, आणि आयुष्यभर बोलण्याचं काम करणारी माझी जाऊ गप्प.

सासूबाईंनी मात्र दोरी वर उचलली आणि वाकून पलीकडे, खाणीत उतरल्या. एक माणूस आडवा आला, तर त्याला म्हणाल्या, "हो बाजूला. भंडारा हाय त्यो." त्या लोटात जाऊन त्यांनी मुठीत धूळ धरली आणि कपाळाला लावली. साहेब त्यांच्या मागे धावले, थांबले, बोटावर पिवळं घेऊन वास घेतला.

"हळद?" ते म्हणाले.

"देवाचा हाय," सासूबाई म्हणाल्या.

साहेब तिथंच एका दगडावर बसले. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते हसायला लागले. त्यांनी सांगितलं की आतल्या कॅमेऱ्यांत आता पिवळ्याशिवाय काही दिसणार नाही, सगळं पुन्हा करावं लागेल. जाऊबाई पुढे होऊन माफी मागू लागली. ते म्हणाले, "पुन्हा शिवा, ताई. पण या वेळी देवाला बाहेर बसवा." आणि पोरांना पाव्हणे उतरवायला सांगितलं.

माझा मुलगा पहिला आत शिरला.

मागचे सगळे पट्ट्यांत लटकत होते, एकही सुटला नव्हता. माझी शिवण कुठं उसवली नव्हती. पुढचा, चालकाच्या शेजारचा, तेवढा गळ्यापासून पोटापर्यंत फाटला होता. शिवणीवर नाही, कापडच फाटलं होतं, पट्ट्याच्या कडेनं कापल्यासारखं. मुलानं त्याचा पट्टा सोडला आणि ते सगळं वजन त्याच्या अंगावर आलं. तो मागे पडला, पाव्हणा त्याच्या मांडीवर. फाटलेल्या छातीतून उरलेली वाळू आणि भंडारा त्याच्या हातांवर, गळ्यावर सांडत होता. मी वरून बघत होते. तो उठला नाही. मित्र हसून म्हणाले की बघा, स्वतःलाच घेऊन बसलाय. तरी तो उठला नाही. त्या पिशवीच्या खांद्यावर त्याचा हात होता, आणि तो हात ती पिशवी चाचपत होता, त्या दिवशी अंगणात खुर्चीचे हात चाचपले होते तसा नाही, आंधळा माणूस चाचपतो तसा.

सासूबाईंनी हाक मारली, "उतारलं रं बाळा. तुज्यावरचं हुतं ते त्याच्यावर गेलं. आता तुला काय बी हुत न्हाई."

हे सगळ्या गावानं ऐकलं. संध्याकाळपर्यंत ते निरगुडसरला पोचलं, दुसऱ्या दिवशी कळंबच्या बाजारात. पोरावरचं संकट खंडोबानं पिशवीवर घेतलं, आता हे पोर गोळीलाही भिणार नाही. ज्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं असे लोक दारात येऊन यांना म्हणाले की आता कसली वाट बघता, देवानंच कौल दिलाय. हेही तेच म्हणू लागले. माझ्या हो-नाहीचा विषयच उरला नाही. त्याच आठवड्यात बोलावणं आलं. यांनी सोयऱ्यांना निरोपाच्या जेवणाचं सांगितलं आणि बोकड ठरवला.

लोक मुलाची पाठ थोपटायचे, तो मान डोलवायचा. पण खाणीच्या दिवसापासून तो धावायला गेला नाही. पाय दुखतो म्हणाला. मी चूल पेटवायला उठायची तेव्हा तो अंथरुणात डोळे उघडे ठेवून पडलेला असायचा. मला बघितलं की मिटून घ्यायचा. एकदा खाणीकडून गाडीचा आवाज आला आणि त्याच्या हातातला पाण्याचा तांब्या हिंदकळला. त्यानं पटकन तो खाली ठेवला, आणि कुणाच्या लक्षात आलं का ते बघितलं. मी दुसरीकडे तोंड केलं.

जेवणाच्या आदल्या दिवशी सकाळी मी वाघरीत एका मेंढीच्या खुराला औषध लावत होते. तो आला आणि मेंढी धरून बसला. तिचं तोंड त्यानं मांडीत घेतलं होतं. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "आये, तू नाय म्हण."

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, कशाला?

"मला जायाला. उद्या समद्यांम्होरं. तू नाय म्हणालीस तर बाबा अडवत्याल. त्यांनीच सांगितलंय तसं."

"तुला जायचं न्हाई?"

तो मेंढीच्या कानामागची लोकर बोटानं पिंजत राहिला. मग म्हणाला, "ते मी कसं सांगू? आज्जी म्हणती देव पाठीशी हाय. पोरं म्हणत्यात तू आता मरत न्हाईस. मी काय तोंडानं सांगू?"

खाणीत गाडी पडली तेव्हा बसला नव्हता एवढा धक्का मला तिथं बसला. जे मला पहिल्या दिवसापासून हवं होतं तेच पोर माझ्या हातात आणून देत होतं. आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मला त्याचा रागच आला, हे मी इथंच लिहू शकते. रोज पहाटे उठून धावलेलं पोर, छाती काढून त्या खुर्चीत बसलेलं पोर, आता मेंढीच्या आड तोंड लपवून मला पुढे करत होतं. आणि पुढच्याच क्षणी मला त्याचा हात दिसला, लोकरीत रुतलेला. तो एकवीस वर्षांचा होता आणि त्यानं स्वतःला फाटलेलं बघितलं होतं. मीच शिवलेलं.

मी खुराला चिंधी बांधली. मेंढी सोडली. त्याला काहीच म्हटलं नाही. तो गेला तेव्हा त्यानंही माझं गप्प बसणं होकारच धरलं असणार.

दुसऱ्या दिवशी अंगणात मांडव घातला होता. डिंभ्याकडून माझे भाऊ आले होते, यांचे सगळे चुलते होते. पुरुषांची पंगत बसली. यांनी उभं राहून सांगितलं की पोरगं मंगळवारी निघतंय, देवाची आणि मोठ्यांची कृपा. मुलगा पंगतीच्या कडेला बसला होता. त्यानं एकदाच माझ्याकडे बघितलं.

माझ्या हातात रश्श्याची बादली होती. ती खाली ठेवली. डोक्यावरचा पदर घट्ट धरला. आवाज आधी आलाच नाही, दुसऱ्यांदा आला.

"म्या त्याला सोडनार न्हाई," मी म्हणाले.

कुणाला वाटलं मी वाढण्याबद्दल बोलतेय. यांनी विचारलं, "काय गं?"

मी पुन्हा म्हणाले. "त्यानं जायचं न्हाई. तुमीच म्हणला व्हता, आईनं हो म्हणलं पायजे. मी नाय म्हणती."

माझा थोरला भाऊ मान खाली घालून बसला. सासूबाई पडवीतून म्हणाल्या की देवाच्या शब्दावर शब्द ठेवणारी ही कोण, बाईच्या जातीनं आज हे दाखवलं. जाऊबाई माझ्याजवळ आली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "धाकटे, जेवनं तरी हुंदे की." यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी या घरात आजच आले. पण शब्द त्यांनीच दिला होता, चारचौघांत दिला होता. ते खाली बसले.

मला वाटलं आता मुलगा खाली मान घालून बसेल, आणि हळूहळू सगळं निवेल. मी तेवढ्याचीच तयारी केली होती.

तो उठला. समोरचं ताट त्यानं पायानं लोटलं, रस्सा सतरंजीवर सांडला. "माजं वाटुळं केलंस तू," तो मला म्हणाला. "दोन वरसं धावलो मी. तुज्या भित्रेपणापायी घालवलंस समदं." त्याचा आवाज फुटला होता. डोळ्यांत पाणी होतं. त्यानं मला याआधी कधी उलटून उत्तर दिलं नव्हतं. दोन चुलते उठून त्याला धरायला गेले, त्यांना झटकून तो माळाकडे निघून गेला. सगळी पंगत त्याच्याकडे कळवळ्यानं बघत होती आणि मग माझ्याकडे वळली.

मी सतरंजीवरचा रस्सा पुसायला बसले. पुसताना मनाला सांगत होते की हे ठरलेलं आहे, त्याला असं करावंच लागणार, नाहीतर लोकांना कळेल. पण तो एवढं चांगलं करेल असं मला वाटलं नव्हतं. त्याला खोटं बोलायला जमत नाही, लहानपणापासून जमत नाही, मला ते माहीत आहे. मग ते डोळ्यांतलं पाणी कशाचं होतं, हे मला त्या दिवशी कळलं नाही आणि अजून कळलेलं नाही.

संध्याकाळी तो परत आला, जेवला, झोपला. मी वाट बघत होते की एकदा तरी एकटं गाठून काहीतरी म्हणेल. निदान बघेल. त्या गोष्टीला आता वर्ष होऊन गेलं. तो मंचरला मार्केटात कांद्याच्या वजनावर कामाला लागलाय. माझ्याशी नीट बोलतो, औषधं आणून देतो. वाघरीतल्या त्या सकाळच्या बोलण्याबद्दल एक शब्द नाही. कधी कधी मला वाटतं, तो विसरलाय. विसरलाय म्हणजे, त्याच्या मनात आता तसंच झालेलं आहे, जसं पंगतीनं बघितलं.

गावात माझं नाव झालं. कळंबच्या बाजारात बायका मला दाखवून एकमेकींना सांगतात की हीच ती, हिनं पोराला पदराखाली ठेवलं. सासूबाई अजून माझ्या हातचं पाणी मागत नाहीत, जाऊबाईकडे मागतात. हे बोलतात, पण मी काही सांगायला तोंड उघडलं की हातातलं काम थांबवून ऐकतात. हे आधी नव्हतं.

मागच्या महिन्यात जाऊबाईच्या मुलीचं लग्न झालं. जेवणं झाल्यावर वऱ्हाडातले एक म्हातारे माझ्या मुलाशी बोलत बसले होते. ते स्वतः लष्करातून निवृत्त झालेले. त्यांनी त्याचे खांदे बघितले आणि विचारलं, "एवढा पिळदार गडी, भरतीला का नाही गेलास रे?"

मी पानाचं ताट घेऊन तिथंच उभी होते.

"पास झालो हुतो," तो म्हणाला. "आईनं सोडलं न्हाई."

हे म्हणताना त्यानं खाली बघितलं नाही. सरळ माझ्याकडे बघितलं, आणि ते बघणं मला वाचता आलं नाही. म्हातारेही माझ्याकडे वळले. ते वाट बघत होते की मी काहीतरी म्हणेन.

"व्हय," मी म्हणाले. "म्याच नाय म्हणले." आणि ताट त्यांच्यापुढे धरलं.